सिकलसेलचा उंदीर : जनुकपरिवर्तित प्राण्यांचा वैद्यकीय इतिहास आणि चंद्रपूर-गडचिरोली

प्रस्तावना

माणसाने आपल्या आरोग्यासाठी प्राण्यांच्या शरीराचा उपयोग करून घेण्याची परंपरा जुनी आहे. सर्पदंशावर दिली जाणारी लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते, हे आपल्याकडील धानाच्या बांधीत काम करणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक नसले तरी त्याचा जीव मात्र तिच्यामुळे वाचतो. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक दशके केले. मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात या परंपरेला वेगळे वळण मिळाले. प्राण्याचे शरीर वापरण्याऐवजी त्याची आनुवंशिक घडणच बदलून माणसाचा आजार त्याच्या शरीरात उभा करणे शक्य झाले. अशा प्राण्यांना जनुकपरिवर्तित प्राणी म्हणतात.

या विषयावर मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात महाकाय उंदीर, डॉली मेंढी, डुकराचे हृदय अशा नवलकथांचा भरणा अधिक आहे. त्यामुळे हा विषय दूर कुठेतरी, परदेशी प्रयोगशाळांत घडणारा वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. पोंभुर्णा, गोंडपिपरी, चामोर्शी, अहेरी या भागांतील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सिकलसेल हा आजार आणि जनुकपरिवर्तित उंदराचा इतिहास हे एकमेकांत गुंतलेले आहेत. हा संबंध कालक्रमाने उलगडणे आणि त्यातून आपल्या भागाच्या वाट्याला काय आले, याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील आजार

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. प्रशासकीय सीमा आखली गेली, तरी दोन्हीकडील जंगल, धानशेती, बोली, सोयरीक आणि आजार सामायिकच राहिले. सिकलसेल हा त्यांपैकी एक होय.

या आजारात तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनते आणि एरवी गोल व लवचिक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे व सांधे असह्य दुखू लागतात, वारंवार कावीळ दिसते, रक्त कमी होते, जंतुसंसर्ग लवकर होतो. पुढे मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू यांनाही इजा पोहोचते. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक राहते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची ५० टक्के असते.

भारतात या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद १९५२ साली झाली. निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना हे हिमोग्लोबिन आढळले. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा आपला निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला आणि विदर्भाचे नाव या नकाशावर आले. पुढे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी भागांत दीर्घकाळ पाहणी केली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या आढाव्यानुसार राज्यातील निरनिराळ्या समाजांत वाहकांचे प्रमाण ० ते ३५ टक्के इतके भिन्न आहे. भिल्ल, माडिया, पावरा, परधान आणि ओतकर या समाजांत ते विशेष अधिक, म्हणजे २० ते ३५ टक्के आढळले. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार हे जिल्हे सर्वाधिक रुग्णसंख्येचे म्हणून नोंदले गेले. हा केवळ आदिवासींचा आजार आहे, हा समज मात्र चुकीचा होय. विदर्भातील अनुसूचित जाती व इतर मागास समाजांतही तो मोठ्या प्रमाणावर आहे.

रेणूचा पहिला आजार

वैद्यकाच्या इतिहासात सिकलसेलचे स्थान असाधारण आहे. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेल्या वॉल्टर नोएल या विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत्‌क्षेत्रात वेगळ्या रीतीने सरकते. आजाराचे मूळ एका रेणूत असते, हे प्रथमच सिद्ध झाले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी हा दोष आणखी नेमका केला : बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल येते, एवढाच काय तो फरक.

त्याआधी, १९५४ साली, अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून असे प्रतिपादन केले होते की सदोष जनुकाची एकच प्रत असणाऱ्या माणसाला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वाधिक भार वाहणारा जिल्हा गडचिरोली असावा आणि सिकलसेलचेही मोठे प्रमाण त्याच पट्ट्यात असावे, हा योगायोग नव्हे. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाशी झालेल्या झुंजीची ती रक्तात उरलेली खूण आहे.

आजार कळला, त्याचे कारण कळले, त्याचा इतिहासही कळला. तरी उपचार सापडेना. त्याचे एक मोठे कारण असे, की अभ्यासासाठी प्राणीच उपलब्ध नव्हता. प्रयोगशाळेतील उंदराला सिकलसेल होत नाही. उंदराच्या हिमोग्लोबिनची घडण निराळी आहे. त्याचे जनुक बदलल्यावाचून हा आजार त्याच्यात उभा राहणे अशक्य होते.

उंदराची घडण बदलण्याची विद्या

१९७४ साली रुडॉल्फ येनिश आणि बिआट्रिस मिंट्झ यांनी एका विषाणूचा डीएनए उंदराच्या भ्रूणात सोडून तो प्रौढ उंदराच्या पेशींत पोहोचल्याचे दाखवले. १९८० साली जॉन गॉर्डन, फ्रँक रडल आणि सहकाऱ्यांनी फलित अंड्यात अतिसूक्ष्म सुईने जनुक टोचण्याची पद्धत रूढ केली. १९८२ साली रिचर्ड पामिटर व राल्फ ब्रिन्स्टर यांनी घुशीच्या जातीतील प्राण्याचे वाढीच्या संप्रेरकाचे जनुक उंदरात घातले. ते उंदीर आपल्या भावंडांपेक्षा कितीतरी मोठे झाले. त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. १९८८ साली हार्वर्ड विद्यापीठाला कर्करोगप्रवण उंदरासाठी अमेरिकेत पेटंट मिळाले. सजीव प्राणी ही कोणाची बौद्धिक मालमत्ता असू शकते काय, हा वाद तेव्हापासून सुरू झाला.

टोचलेले जनुक कोठेही जाऊन बसते, ही या पद्धतीची उणीव होती. हवे तेच जनुक नेमके बदलण्याची विद्या मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कामातून विकसित झाली. त्यासाठी त्यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यात आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की स्मिथीज यांनी १९८५ साली नेमक्या जागी डीएनए बसवण्याचा जो पहिला यशस्वी प्रयोग मानवी पेशींत केला, तो बीटा-ग्लोबिनच्या जनुकावर, म्हणजे सिकलसेलला कारण असणाऱ्या जनुकाच्याच ठिकाणी केला. जनुकपरिवर्तित प्राण्यांच्या शास्त्राचा उगम आणि सिकलसेलचा प्रश्न यांचे नाते इतके जवळचे आहे.

सिकलसेलचा उंदीर

सिकलसेलचे मानवी जनुक बाळगणारे पहिले उंदीर १९९० साली तयार झाले. परंतु त्यांच्या शरीरात उंदराचे मूळ हिमोग्लोबिनही बनत होते आणि ते पेशींना वाकडे होऊ देत नव्हते. आजार सौम्यच राहिला. मानवी जनुक घालून भागत नव्हते. उंदराचे स्वतःचे जनुक काढून टाकणेही आवश्यक होते.

हे काम १९९७ साली तडीस गेले. अलाबामा विद्यापीठातील टिम टाउन्स यांचा गट आणि कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील पास्टी व सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात, ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपापले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या उंदरांत मूळ अल्फा व बीटा ग्लोबिनची जनुके निकामी केलेली होती आणि त्यांच्या जागी केवळ मानवी सिकल हिमोग्लोबिन बनत होते. या उंदरांत तीव्र रक्तक्षय, विळ्यासारख्या पेशी, यकृत व मूत्रपिंडाची हानी अशी माणसातील अनेक लक्षणे दिसली. २००६ साली टाउन्स यांच्या गटाने याहून नेटका वंश तयार केला. हे उंदीर पुढे संग्रहसंस्थांमार्फत जगभरच्या प्रयोगशाळांना उपलब्ध झाले.

त्यांच्या आधारे जे ज्ञान मिळाले, त्याचे तीन टप्पे सांगता येतील. पहिला टप्पा जनुक-उपचाराचा. २००१ साली फिलिप लेबूल्च यांच्या गटाने निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने सुधारित बीटा-ग्लोबिनचे जनुक या उंदरांच्या अस्थिमज्जेत पोहोचवले आणि पेशी वाकड्या होणे थांबवले. दुसरा टप्पा २००७ चा. येनिश यांच्याच प्रयोगशाळेत सिकलसेलच्या उंदराच्या त्वचेतील पेशींपासून मूळपेशी घडवून, त्यांतील दोष दुरुस्त करून, त्याच उंदराला बरे करण्यात आले.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा ठरला. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर ते बनणे बंद होते. या गर्भीय हिमोग्लोबिनमुळे पेशी वाकड्या होत नाहीत, म्हणूनच सिकलसेलच्या बाळाला पहिले काही महिने त्रास नसतो. ते बनणे कोण थांबवते, याचे उत्तर माणसांच्या आनुवंशिक अभ्यासातून २००७-०८ च्या सुमारास मिळाले : बीसीएल-११-ए नावाचे जनुक. ते रक्तपेशींत बंद पाडले तर प्रौढ वयातही आजार हटेल काय, हे माणसावर थेट करून पाहणे शक्य नव्हते. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने २०११ साली ते सिकलसेलच्या उंदरांवर करून पाहिले. उंदीर बरे झाले. याच तत्त्वावर आधारलेल्या, क्रिस्पर तंत्राने केलेल्या उपचाराला ब्रिटनमध्ये १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता मिळाली. त्याच दिवशी अमेरिकेने लेबूल्च यांच्या कामाच्या परंपरेतील विषाणूवाहित जनुक-उपचारालाही मान्यता दिली. १९९७ चा उंदीर ते २०२३ चा उपचार, हे अंतर २६ वर्षांचे आहे.

हिवतापाच्या बाबतीतही या उंदरांनी मोलाची माहिती दिली. अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली मांडलेले संरक्षण नेमके कसे मिळते, याचा एक मार्ग २०११ साली पोर्तुगालमधील संशोधकांनी सिकल जनुक असलेल्या उंदरांवर दाखवून दिला. हे जनुक परजीवीला मारत नाही. ते शरीरातील एका संरक्षक विकराचे प्रमाण वाढवून हिवतापाचा घाव सोसण्याची क्षमता देते. आपल्या जंगलपट्ट्याचा जैविक इतिहास समजण्यासाठी हा निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे.

उंदराने जे सांगितले नाही

उपलब्धींचा हा आलेख पाहून जनुकपरिवर्तित प्राणी म्हणजे रामबाण साधन, असा समज करून घेणे योग्य होणार नाही.

पहिली गोष्ट, आजही सिकलसेलच्या बहुसंख्य रुग्णांना जे उपचार तारतात ते या उंदरापासून आलेले नाहीत. लहान मुलांना पेनिसिलिन दिल्यास जीवघेणा संसर्ग टळतो, हे १९८६ साली रुग्णांवरील चाचणीतून सिद्ध झाले. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ साली मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले. ही दोन्ही औषधे स्वस्त आहेत आणि १९९७ च्या उंदरापूर्वीची आहेत.

दुसरी गोष्ट, उंदरात यशस्वी ठरलेले सारेच माणसात टिकत नाही. व्हॉक्सेलोटर आणि क्रिझान्लिझुमॅब या दोन औषधांना २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली होती. त्यांच्या पूर्वतयारीत सिकलसेलच्या उंदरांवरील प्रयोगांचा वाटा होता. पुढील चाचण्यांत अपेक्षित लाभ न दिसल्याने क्रिझान्लिझुमॅबची युरोपमधील मान्यता २०२३ साली काढून घेण्यात आली आणि व्हॉक्सेलोटर त्याच्या उत्पादक कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतले.

तिसरी गोष्ट आपल्याशी अधिक निगडित आहे. भारतातील सिकलसेल आफ्रिकेतील सिकलसेलपेक्षा वेगळा आहे. १९८६ साली कुलोझिक व सहकाऱ्यांनी दाखवले की भारत व पूर्व अरबस्तान येथील सिकल जनुकाची पार्श्वभूमी समान आहे. या पार्श्वभूमीच्या रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहते, म्हणून त्यांचा आजार सौम्य असतो, असे मानले गेले. परंतु विदर्भातील रुग्णांत तो पुष्कळदा तीव्र स्वरूपात दिसतो. एकच पार्श्वभूमी असूनही नागपूर-चंद्रपूर पट्ट्यातील मुलाचा आजार इतरत्रच्या मुलापेक्षा तीव्र का, याचे उत्तर अलाबामा वा बर्कलेचा उंदीर देऊ शकत नाही. तो प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नाही. शिवाय उंदराच्या प्लीहेत रक्तनिर्मिती चालते, त्यामुळे त्याची प्लीहा आजारात प्रचंड वाढते; माणसातील प्लीहेची कथा निराळी आहे. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. रोजगार हमीच्या कामावर उन्हात राबणारी, पाणी कमी पिणारी, हिवतापाने वारंवार आजारी पडणारी व्यक्ती त्याच्या पिंजऱ्यात उभी करता येत नाही.

महाराष्ट्रातील प्रयोगशाळा आणि कायदा

जनुकपरिवर्तित प्राण्यांची विद्या आता महाराष्ट्रातही रुजली आहे. पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात जनुकपरिवर्तित उंदरांच्या साहाय्याने संशोधन होते. पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत जनुकांच्या कार्याचा अभ्यास करण्यासाठी राष्ट्रीय सुविधा उभारण्यात आली असून तेथे असे उंदीर तयार केले जातात. जानेवारी २०१७ मध्ये जालना जिल्ह्यातील डावलवाडी येथे डेंगीचा प्रसार करणाऱ्या डासांच्या जनुकपरिवर्तित नरांची जाळीबंद खुल्या जागेतील चाचणी सुरू झाली. या नरांपासून झालेली पिल्ले प्रौढ होण्यापूर्वीच मरतात, असे त्यामागचे तत्त्व होते.

या साऱ्यावर कायद्याचे नियंत्रण आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा असून प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेखीचे नियम १९९८ साली लागू झाले. जनुकपरिवर्तित सजीवांसाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, ही आज सर्वत्र स्वीकारली गेली आहे. २०२३ साली भारताने औषध-चाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी पेशींवर आधारित पद्धतींना मान्यता दिली.

तरीही नैतिक प्रश्न शिल्लक राहतो. सिकलसेलचा उंदीर जन्मतःच आजारी असतो आणि तो आजारी असावा म्हणूनच त्याला जन्माला घातलेले असते. या उंदरांना माणसासारख्याच वेदना होतात, याचे पुरावे २०१० साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधनाने दिले. ज्या प्राण्यांच्या यातनांतून हे ज्ञान मिळाले, त्या यातना सार्थ ठरायच्या असतील तर ज्ञानाचे फळ रुग्णापर्यंत पोहोचले पाहिजे. ते पोहोचले नाही, तर तो प्राण्यावरही अन्याय ठरतो आणि रुग्णावरही.

फळ कोणाच्या पदरी?

अमेरिकेत मान्यता मिळालेल्या क्रिस्पर उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये आहे. दुसऱ्या उपचाराची ३१ लाख डॉलर. शिवाय रुग्णाच्या मूळपेशी काढणे, तीव्र रसायनोपचाराने अस्थिमज्जा रिकामी करणे आणि दुरुस्त पेशी पुन्हा सोडणे, यासाठी अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाची सोय असलेले रुग्णालय आणि कित्येक आठवड्यांचा मुक्काम लागतो. पोंभुर्ण्याच्या मजूर कुटुंबासाठी हा उपचार आजच्या स्थितीत केवळ बातमी आहे.

आशेच्या काही जागा आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या जनुकविज्ञान संस्थेने विकसित केलेला देशी क्रिस्पर उपचार ‘बिरसा-१०१’ या नावाने जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. बिरसा मुंडा यांचे नाव देणे औचित्याचे आहे; परंतु नावाचे औचित्य किमतीत उतरते की नाही, यावरच त्याची कसोटी लागेल. चंद्रपूर येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनच्या विकारांवरील संशोधन, उपचार व नियंत्रणाचे केंद्र आहे. विदर्भातील आजार तीव्र का, या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यास त्याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

येथे गडचिरोलीतीलच एका अनुभवाचे स्मरण उपयुक्त ठरेल. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेच्या प्रारंभकाळात जिल्ह्यातील सिकलसेलची पाहणी केली. शास्त्रीयदृष्ट्या ती मोलाची होती. परंतु लोकांच्या दृष्टीने तो तातडीचा प्रश्न नव्हता आणि लोकांना न विचारताच संशोधनाचा विषय निवडला गेला होता, हे बंग यांनी पुढे मोकळेपणाने मांडले. त्यानंतर लोकांच्या गरजेपासून संशोधन सुरू करण्याची दिशा त्यांनी स्वीकारली. संशोधन कोणाच्या प्रश्नाचे, असा हा विचार होता. उंदराच्या इतिहासाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते.

महाविद्यालयांची भूमिका

हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा वा शासनाचा नाही. विवाहाच्या उंबरठ्यावर असलेला तरुण वर्ग आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत बसतो. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, वाहकाने विवाह टाळण्याचे कारण नाही, दोघांनी आधी तपासणी करून घेणे एवढेच पुरेसे आहे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारे कोणी असले पाहिजे. ही माहिती चुकीच्या रीतीने पोहोचली तर ती मुलींच्या सोयरिकीत अडसर ठरते आणि एखाद्या समाजावर ठपका ठेवण्यास वापरली जाते. म्हणून तपासणीचा निकाल गुप्त राहील, याची हमी तपासणीइतकीच महत्त्वाची आहे.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. सततच्या गैरहजेरीमुळे ज्या विद्यार्थ्याला आपण आळशी समजतो, तो कदाचित हाडांच्या वेदनेने तळमळत असतो. त्याला वर्गात पाणी पिण्याची मुभा, थंडीत व तापात सवलत, परीक्षेच्या वेळी समजूतदारपणा, या गोष्टींना खर्च येत नाही. जीवशास्त्राच्या शिक्षकाने आनुवंशिकता शिकवताना वाटाण्याच्या जोडीला सिकलसेलचे उदाहरण दिले, तर विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील नियम आपल्या घरात दिसेल.

समारोप

सिकलसेलच्या उंदराचा इतिहास जनुकपरिवर्तित प्राण्यांचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दाखवतो. त्याच्यावाचून गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा जागे करण्याची कल्पना रुग्णापर्यंत नेण्याचा विश्वास मिळाला नसता. पण त्याच इतिहासातून हेही दिसून येते की पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सीयुरिया ही साधी औषधे प्रत्येक रुग्णापर्यंत नियमित पोहोचवणे हे काम प्रयोगशाळेचे नसून समाजव्यवस्थेचे आहे, आणि ते अपुरे राहिले तर कोट्यवधींचा उपचारही अपुराच पडणार.

वैनगंगेच्या काठच्या माणसांनी हिवतापाशी झुंजताना जे जनुक जपले, त्याच जनुकावर आधुनिक वैद्यकाने आपली सर्वांत प्रगत विद्या उभारली. या विद्येवर त्या माणसांचा हक्क आहे. तो दयेचा विषय नव्हे. विदर्भातील रुग्णांचा आजार विदर्भातच अभ्यासला जावा, देशी उपचाराची किंमत सार्वजनिक रुग्णालयाच्या आवाक्यात असावी आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रुग्णाला नागपूरच्या पलीकडे जावे लागू नये, या तीन मागण्या म्हणूनच रास्त ठरतात. त्या सातत्याने मांडत राहणे हे या भागातील शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे.